मोड आलेली एरंडी

परभणीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातले लोक आधी विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी म्हणते, एरंडी. मग ते विषय बदलतात. पण मी खरोखर एरंडीच बघायला गेले होते, ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेली. आणि ज्या कामासाठी गेले ते झालं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत झुलवत ठेवणं मला जमत नाही, आणि यात झुलवण्यासारखं काही नाही. नुसतं वाईट वाटण्यासारखं आहे.

सुमन ही माझी एम.एस्सी.ची मैत्रीण. औरंगाबादच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो. मी मिरजेची, ती पालमच्या पुढल्या एका गावची सून. तान्ही मुलगी सासूच्या मांडीवर देऊन शिकायला आली होती. पुढे मला पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिनं विद्यापीठात संशोधनाला नाव घातलं, पण ते दिवस नामांतराचे. कधी एसटी बंद, कधी वसतिगृह रिकामं करा म्हणून सूचना, आणि गावाकडून रोज काळजीचे निरोप. एकदा घरी परतली ती तिथंच शाळेत मास्तरीण झाली. वर्गात सगळ्यांत हुशार ती होती. मी तिच्याकडून गणितं समजून घ्यायचे आणि परीक्षेत माझा नंबर वर यायचा, कारण तिच्यापाशी पुस्तकं नसायची. हे मला तेव्हाही खटकायचं, आता जास्त खटकतं.

मागल्या दिवाळीत ती पुण्याला आली आणि पिशवीतून औषधाची एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. खाली दाट तपकिरी थर, वर पातळ पिवळं तेल. "करंजीच्या झाडाच्या बियांचं तेल आहे," म्हणाली, "वरचं डिझेलसारखं जळतंय. बघ लावून." मी वात लावून बघितली. खरंच जळत होतं, धूर न करता.

ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोणतंही खाद्यतेल किंवा करंजीसारखं अखाद्य तेल इंजिनाला जड पडतं. त्यात स्पिरिट मिसळून त्याची मोडतोड केली की ते पातळ होतं आणि ग्लिसरीन खाली बसतं. एरवी हे कॉस्टिक सोडा घालून, तापवून करतात. सुमननं ना सोडा वापरला ना विस्तव. एरंडीच्या बीला मोड येतात तेव्हा कोंबाला खाऊ घालायला बी स्वतःचंच तेल फोडतं, आणि ते फोडणारं जे द्रव्य असतं त्याला पुस्तकात विकर म्हणतात, आम्ही एन्झाइम म्हणतो. विरजणाची कवडी जशी पातेलंभर दूध बदलते तसं हे काम करतं. फक्त विरजणासारखंच त्याला जपावं लागतं. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही.

ती बाटली मी आमच्या विभागाच्या सरांपुढे नेली. सर वाईट नाहीत, पण त्यांना कशाचंच कौतुक लवकर वाटत नाही. ते म्हणाले, "बाटलीत सगळं होतं. घागरभर करा, इंजिन चालवून दाखवा. तू स्वतः जा, डोळ्यांनी बघ, आणि कॅनभर घेऊन ये. मग संशोधनाची जी एक जागा आहे ती तिची." त्या जागेला वयाची अट होती आणि सुमन येत्या जूनमध्ये अटीबाहेर जाणार होती. म्हणजे हीच वेळ, पुढची नाही. मला निघायला फेब्रुवारी उजाडला, आणि सरांना नाव त्याच आठवड्याच्या शेवटी कळवायचं होतं.

परभणीहून पुढे

मी बरोबर स्पिरिटचा कॅन नेला होता, साडीत गुंडाळून. परभणीच्या स्टँडवर कंडक्टरनं तो हुंगला.

"बाई, दारू हाय का ह्यात?"

"दारूच आहे, पण इंजिनानं प्यायची."

तो काही हसला नाही. मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि माझ्याशेजारच्या म्हाताऱ्याला बिडी विझवायला लावली. त्या बिचाऱ्याला पालमपर्यंत एक झुरका घेता आला नाही. उतरताना त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळं झालं.

गंगाखेडला गोदावरी ओलांडली की काळी जमीन सुरू होते ती सरत नाही. आमच्या मिरजेकडे ऊस इतका की रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथं फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आलेली, मध्ये करडईचे पिवळे पट्टे, आणि नजर जाईल तिथवर मोकळं. ओढ्यांच्या काठानं करंजीची झाडं, खाली शेंगांचा खच. कुणी उचलत नाही. तेव्हा डिझेलची टंचाई होती, पंपांवर ड्रम रांगेत लागलेले, आणि इथं झाडाखाली तेल पडलेलं. सुमनला हे सुचलं यात नवल नाही.

थांब्यावर ती आलीच होती. घरात शिरले तर दारात तिच्या सासूबाई, गयाबाई, तांब्या घेऊन उभ्या. बुटक्या, काटक, कपाळ मोकळं, आवाज मात्र मळ्यातून हाक मारायचा.

"जय भीम, माय. लय दमलीस? आदी पाय धू, मंग बोल."

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी. भाकरी आमच्याकडच्यापेक्षा मोठी आणि पातळ. दोन झाल्यावर मी हात आखडता घेतला. आमच्याकडे पाहुण्यानं नको म्हटलं तर दोनदा आग्रह करून सोडतात. इथं नको म्हणणं हे हो म्हणायची एक पद्धत आहे असं समजतात. "खा की. पुण्यात उपाशी ठिवतेत का काय तुमाला," म्हणत गयाबाईंनी तिसरी वाढली आणि मी मुकाट्यानं खाल्ली.

जेवण झाल्यावर सुमननं कोपऱ्यातलं गाठोडं सोडून दाखवलं. ओल्या फडक्यात एरंडीच्या बिया, प्रत्येकीतून पांढरा कोंब डोकावणारा. मटकीला मोड आणतात तसेच, फक्त वेळ जास्त लागतो, थंडीत चार-पाच दिवस. "उद्या संध्याकाळी बेताच्या होतील," ती म्हणाली. "उद्या आपण सोनपेठहून तेल आणू. आल्यावर वाटून कालवायचं, रातभर उबेत ठेवायचं, परवा सकाळी इंजिन." बोलताना तिचे हात हलत होते, वसतिगृहात हलायचे तसे. इतक्या वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

गयाबाई भांडी घासत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "बाई, हिला न्या. पोरीचं मी बगते, पयलं बी मीच बगितलं. शिकायला गेली तवा लोक म्हनायचे, सून हातची गेली. मी म्हनले, जाऊ द्या. तिला घरात कोंडून मला काय मिळायलंय? आन् मंग ती वापस आली. हिच्या तोंडाकडं बगवायचं न्हाई मला." सुमन म्हणाली, "आत्याबाई, झोपा आता." पण गयाबाईंनी माझा हात धरला आणि पुन्हा म्हणाल्या, "न्याच."

सोनपेठचा बाजार

सोनपेठला एक घाणा आहे, तिथं करंजी गाळून देतात. बाजाराचा दिवस होता म्हणून गर्दी मरणाची. आधी सुशीला खाल्ली. ही कुणी बाई नव्हे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेली न्याहारी, वर कच्चा कांदा आणि शेंगदाणे. आमच्याकडे चुरमुरे भडंग करून कुरकुरीत खातात, ते असे मऊ करायचे म्हणजे मला आधी पापच वाटलं. मग दुसरी बशी मागवली.

घाण्यावरचा माणूस सुमनला ओळखत होता. "मास्तरीनबाई, एवड्या तेलाचं काय करायलाव? जनावराला गोमाश्या लय झाल्या का?" करंजीचं तेल तिकडे गोठ्यात वापरतात. सुमन म्हणाली, "इंजिनात घालणार आहे." त्यानं डबा भरता भरता माझ्याकडे बघितलं, बहुतेक हिला आवरा अशा अर्थानं. मी म्हटलं, मीही त्यातलीच आहे. मग त्यानं डब्याचं झाकण घट्ट बसवून दिलं.

येताना एसटी पंक्चर झाली आणि आम्ही रस्त्याकडेला डब्यावर बसून राहिलो. त्या वेळात सुमननं पुण्याचं सगळं विचारून घेतलं. खोली केवढ्याला मिळते, मुलीची शाळा कुठं, प्रयोगशाळा सकाळी कधी उघडते. नवऱ्याची बदली तिकडे होईल का, तो परभणीला कचेरीत कारकून होता. तिनं सगळं मनात लावून ठेवलेलं होतं. मीही तिला जास्तीच रंगवून सांगितलं. तिच्यासाठी माझ्या घराजवळ एक खोलीसुद्धा बघून ठेवली होती, तीही सांगितली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गयाबाई ओसरीवर पाट्यापाशी बसलेल्या, पुढ्यात पातेलंभर वाटण.

"तुमी दमून येनार, म्हनून मी आदीच वाटून ठिवली," म्हणाल्या. "सोलली बी. नखं दुखायलीत बगा."

मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर आमचं अर्धं काम केलंत. वाटण चांगलं एकजीव होतं, थोडं तांबूस, वासही छान खमंग. मी मोडाची एरंडी वाटलेली कधी बघितली नव्हती, मला वाटलं अशीच असते. सुमन पातेल्यापाशी खाली बसली. बोटावर थोडं घेतलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं प्रवासानं थकली.

"बरं झालंय न्हवं?" गयाबाईंनी विचारलं.

"लय बारीक वाटलंत, आत्याबाई," सुमन म्हणाली.

मग तिनं ठरल्याप्रमाणे सगळं केलं. मोठ्या बरणीत तेल, त्यात वाटण, थोडं चिंचेचं पाणी, कारण या विकराला जरा आंबट लागतं, आणि माझ्या कॅनमधलं स्पिरिट थोडं थोडं करत सगळं. बरणी गोधडीत गुंडाळली. तिचे हात आता हलत नव्हते, पण ते मला आज लिहिताना जाणवतंय.

माणिकरावांच्या मळ्यात

सकाळी गोधडी सोडली. खाली ग्लिसरीनचा थर नाही, काही नाही. तेल होतं तसंच जाड, स्पिरिट वर वेगळं तरंगत होतं. मी बरणी हलवून बघितली, उजेडाला धरली, पुन्हा ठेवली. मी मुळात चिडकी, मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं. सुमन म्हणाली, "माणिकराव वाट बघत असतील. सांगितलंय तर जाऊ."

माणिकराव गावातले मोठे शेतकरी. डिझेल मिळेना म्हणून विहिरीवरचं इंजिन बंद होतं, ते त्यांनी प्रयोगाला देऊ केलं होतं. गावात कुणी म्हणालं होतं की त्यांच्या तेलानं तुमचं इंजिन बाटंल, त्यावर ते म्हणाले होते, "इंजिनाला कसली जात? त्याला तेल पायजे." हे मला त्यांनी स्वतः मोठ्या कौतुकानं सांगितलं. मग चहा आला. मला कपबशीत, सुमनला गोठ्याच्या कोनाड्यातून काढून विसळलेल्या पितळी पेल्यात. माझा चहा तोंडात कडू झाला. मी कप खाली ठेवला तर सुमननं डोळ्यांनीच मला घे म्हणून खुणावलं. आज इंजिन महत्त्वाचं होतं.

उरलंसुरलं डिझेल घालून गड्यानं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पाणी आलं. मग नळी आमच्या तेलाच्या डब्यात सोडली. थोडा वेळ तसंच चाललं आणि मला वेड्यासारखी आशा वाटली. मग आवाज जड झाला, काळा धूर आला, दोन-चार ठोके चुकले आणि ते बंद पडलं. पाण्याची धार बारीक होत होत थांबली. पुन्हा हँडल मारून बघितलं, पण नळीचं तोंड चोंदलं होतं.

"करंजी ती करंजीच," माणिकराव म्हणाले. रागावले नाहीत. "आसू द्या. साफ करून घेऊ."

परतताना ओढ्यापाशी मी सुमनला अडवलं. म्हटलं, बाटलीत झालं ते बरणीत का नाही झालं? तू गप्प का आहेस?

"एरंडी भाजलेली होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तिकडे एरंडीचं तेल घरी काढतात, डोक्याला, गाडीच्या आसाला. त्यासाठी बी आधी कढईत भाजायची, मग कुटायची. कच्ची एरंडी बाधते, तिला पाटा लावत नाहीत, हे गयाबाई लहानपणापासून बघत आलेल्या. त्यातून बीला मोड आलेले, म्हणजे ओल लागून खराब व्हायला लागलेली. ती त्यांनी भाजून आमच्यासाठी वाचवली होती. एरवी सुमनच वाटायची, शाळेतून आल्यावर, सासू शेतात असताना. त्यामुळे सांगायची वेळच कधी आली नव्हती. भाजल्यावर विकर मरतं. उरतो तो नुसता खमंग वास.

"तुला केव्हा कळलं?"

"बोटाला लावलं तेव्हाच."

"मग सगळं स्पिरिट ओतलंस कशाला?"

"दुसरी एरंडी मोडाला घालून तयार होईपर्यंत तुझ्या सरांचा दिवस गेला असता. स्पिरिट ठेवून काय करू?" मग थांबून म्हणाली, "आणि त्या समोर बसल्या होत्या, कुंदा. नखं दुखायलीत म्हणाल्या. त्यांना काय सांगू? तुम्ही भाजलीत म्हणून माझी जागा गेली? त्या जेवणार नाहीत, जन्मभर जिवाला लावून घेतील. तूही सांगू नको."

मी तिला म्हटलं, तू वेडी आहेस. ती म्हणाली, असेन. मग आम्ही दोघी तिथंच करंजीखाली बसलो आणि ती रडली. मी तिला एम.एस्सी.च्या निकालाला रडताना बघितलं नव्हतं, विद्यापीठ सोडताना बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं, पण माझं कशाला, माझी नोकरी पुण्यात शाबूत होती.

पुण्याला आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं, भाजण्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल खरं. पण मी कागदावर काय लिहू?" आणि दुसरं नाव पाठवलं. ज्याचं पाठवलं तो मुलगाही चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. जून येऊन गेला. सुमन शाळेत शिकवते. आता करंजीचं काही करत नाही, मी विचारलं तर पोरांच्या परीक्षेचं बोलते.

थांब्यावर

निघायच्या सकाळचं सांगायचं राहिलं. गयाबाई मला पोचवायला थांब्यापर्यंत आल्या, हातात धपाट्यांचं गाठोडं. इंजिन बंद पडलं हे त्यांना गावातून कळलं होतंच. थांब्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "मंग बाई, सुमनला कवा न्यायचं?"

सुमन त्यांच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"या वर्षी जागाच निघाली नाही, मावशी," मी म्हटलं.

"आसं. म्हंजी हिचं काई चुकलं न्हाई?"

"काही चुकलं नाही. कुणाचंच नाही."

गयाबाईंनी मोठा श्वास सोडला. सुनेकडे वळून म्हणाल्या, "बग, मी म्हनले न्हवते? उगं तोंड बारीक करून बसलीस." त्यांचा चेहरा आदल्या दिवसापासून पहिल्यांदा सैल झाला. एसटी आली. मी खिडकीशी बसले. त्यांनी गाठोडं आत दिलं आणि खिडकीची दांडी धरून म्हणाल्या,

"फुडच्या बारीला चार दिस आदी कळीव, माय. ह्या खेपंला मी घाईत केली, एरंडी जरा कच्चीच ऱ्हायली व्हती. आता चांगली खरपूस भाजून देते."

"हो, आत्याबाई," सुमन म्हणाली. "द्या."